मिश्र वैद्यक

मिश्र वैद्यक : आयुर्वेद, युनानी इ. देशी चिकित्सापद्धती व आधुनिक वैद्यक यांचे शिक्षण किंवा व्यवसाय एकत्र करण्यास मिश्र वैद्यक म्हणतात. महाराष्ट्रात या कल्पनेचा वाद प्रामुख्याने शहरांतील महाविद्यालयांत झाला. तिची खरी कसोटी मात्र अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत लागली.

१९१२ च्या मुंबई वैद्यक अधिनियमान्वये केवळ पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांची नोंदणी होऊ लागली. वैद्य-हकीम नोंदणीबाहेर राहिले आणि त्यांना स्वतःच्या शिक्षणसंस्थांची निकड भासली. १९१७ मध्ये गंगाधरशास्त्री गुणे यांनी अहमदनगर येथे आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले. पुढे पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय (१९३३) व मुंबईत पोदार महाविद्यालय (१९४१) निघाले. मुंबई प्रांताच्या १९३८ च्या अधिनियमाने वैद्य व हकीम यांच्या नोंदणीची तरतूद केली. संहितांसोबत शारीर, शरीरक्रियाविज्ञान यांसारखे आधुनिक विषय शिकविण्याचा प्रघात पडला, तो नोंदणीस पात्र ठरणारा वैद्य रुग्णालयातही उपयोगी पडावा म्हणून.

भोर समितीने (१९४६) आरोग्ययोजनेचा पाया म्हणून आधुनिक वैद्यक स्वीकारले, तर चोप्रा समितीने (१९४८) दोहोंच्या समन्वयाचा पुरस्कार केला. येथूनच ‘शुद्ध’ आणि ‘मिश्र’ हे पक्ष तीव्र झाले. मिश्र अभ्यासक्रमातून बाहेर पडणारा पदवीधर नावापुरताच वैद्य राहील व व्यवसाय मात्र विलायती औषधांवर करील, ही शुद्धपक्षाची भीती निराधार नव्हती. उलट, केवळ संहितांवर विसंबणाऱ्यास विषमज्वर, क्षय वा अडलेले बाळंतपण यांत काय करता येईल, या मिश्रपक्षाच्या प्रश्नासही समाधानकारक उत्तर मिळाले नाही. व्यास समितीने (१९६३) शुद्ध अभ्यासक्रमाची शिफारस केली. १९७० च्या केंद्रीय अधिनियमानंतर आलेल्या एकसूत्री पदवी अभ्यासक्रमात मात्र आधुनिक विषय पुन्हा आलेच.

सीना व भीमा यांदरम्यानच्या कर्जत तालुक्यात हा वाद तात्त्विक नव्हता. पर्जन्यछायेतील अशा भागात आधुनिक वैद्यकाचे पदवीधर टिकत नाहीत. म्हणून राज्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आयुर्वेदाचे पदवीधर वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमले गेले. रुग्ण दोघांनाही ‘डॉक्टर’च म्हणतो आणि बहुधा सुई टोचून घेण्याच्या अपेक्षेनेच येतो. शेजारच्या जामखेडमध्ये १९७० साली रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने निराळा मार्ग धरला : पदव्यांची मिसळ करण्याऐवजी त्यांनी गावातील, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविले. या कार्यासाठी त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७८ च्या आल्मा-आता घोषणापत्रातही प्राथमिक आरोग्यसेवेत, आवश्यकतेनुसार, पारंपरिक चिकित्सकांना स्थान दिलेले आहे.

कायद्याचा गुंता मात्र वाढतच गेला. महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये आयुर्वेदाच्या नोंदणीकृत व्यावसायिकांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात आधुनिक औषधे देणाऱ्या होमिओपॅथीच्या व्यावसायिकास निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरविले. १९९८ च्या निकालाने आयुर्वेदाच्या व्यावसायिकांचा असा अधिकार राज्याच्या कायद्यावर अवलंबून असल्याचे स्पष्ट केले. २०१४ मध्ये राज्याने औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांसाठी कायद्यात दुरुस्ती केली आणि त्यावर आधुनिक वैद्यकाच्या संघटनांनी हरकत घेतली. २०२० मध्ये शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी मिळताच देशभर वाद उसळला.

या वादांत व्यवसायाच्या हक्काचा विचार जितका झाला, तितका रुग्णाचा झाला नाही. मधुमेहाच्या गोळीबरोबर चूर्ण घेणाऱ्या रुग्णाची रक्तातील साखर धोकादायक रीत्या उतरू शकते. सदोष रसौषधीतील शिसे वा पारा मूत्रपिंडास अपाय करतो. दोन्ही औषधांची नोंद एकाच कागदावर नसेल, तर असा अपाय कोणत्या चिकित्सेमुळे झाला, हे पुढील दवाखान्यास कळत नाही.