चेहऱ्याची बाराखडी

बंकटस्वामी महाराजांच्या या नेकनूरात कीर्तने ऐकत वाढलेल्या आपणा भगिनींना एक विद्या कोणी शिकवावी लागली नाही. बुवांचा शब्द कानी पडण्याआधीच, पुढे करुण प्रसंग येणार की विनोद, हे त्यांच्या मुद्रेवरून आपण ओळखतो. परंतु हे सर्वांनाच आपोआप साधते असे नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या पुष्कळ प्रौढांना समोरच्याचा राग व दुःख यांतील भेद कळत नाही. आई रडते आणि मोठा झालेला मुलगा हसतो. लोक म्हणतात, "याला मायाच नाही." माया असते, चेहरा वाचता येत नाही, एवढेच!

हे वाचन शिकविता येते, हे उमगण्यास फार काळ लागला. इंग्रजी अमलातील १९१२ च्या कायद्याने अशा माणसांची गणना वेड्यांतच केली होती. १९८७ च्या कायद्याने हे अपंगत्व मनोरुग्णतेहून वेगळे मानले. तत्पूर्वीच घराघरांतून कामाला आरंभ झाला होता. १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी घरीच वर्ग सुरू केला. त्यातूनच जय वकील शाळा उभी राहिली. १९६४ साली पुण्यात सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी' काढली. पण शाळेचे वय सरल्यावर काय? आपल्यामागे याचे कसे होईल, ही आईबापांची चिंता. त्या चिंतेतूनच माधवराव गोरे व इतर पालकांनी बदलापूरला प्रौढांसाठी 'आधार' उभारले.

शिकण्याचे वय सरत नाही, याचा पुरावाही मिळाला. १९९२ साली निर्भय सिंग प्रभृती संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात अशा प्रौढांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य आणि किळस हे सहा भाव ओळखण्याचा सराव दिला. चूक झाल्यास बरोबर उत्तर सांगून तेच पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. त्यांची ओळख सुधारली. नवल असे की, भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील आठ स्थायीभावांत हास, शोक, क्रोध, भय, विस्मय व जुगुप्सा आहेतच!

ही बाराखडी घरीही गिरविता येते. प्रथम दोनच भाव घ्यावेत, आनंद आणि राग. घरातल्याच माणसांचे फोटो वापरावेत. आपला भाव शब्दांत सांगावा: "मी रागावले आहे, दूध उतू गेले म्हणून, तुझ्यावर नाही." मग त्यालाही विचारावे, "तुला आता काय वाटते?" ज्याला आपली भीती नाव घेऊन सांगता येते, त्याला कोणी छळले तर तो गप्प राहत नाही. आईच्या माघारी त्याच्या उपयोगी पडेल अशी ही शिदोरी आहे.

म्हणून, "आता या वयात काय शिकणार?" हे वाक्य आपल्या आळीतून तरी हद्दपार व्हावे.