शेरभर मिठामागचा एक आणा
(नामदार गोखले यांची अंदाजपत्रकावरील भाषणे)



दरसाल वर्धापनदिनाच्या सभेत आपल्या खजिनदारबाई वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवितात. एका वर्षी मागच्या रांगेतील एका वयस्क भगिनीने उभे राहून विचारले, "पेटीत शिल्लक एवढी आहे, तर मग वर्गणी का वाढविली?" सभेत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा खासच नव्हता. हाच प्रश्न २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास, खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या समोर, एका पस्तीस वर्षांच्या मराठी शिक्षकाने इंग्रज सरकारला विचारला होता. त्या शिक्षकाचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. त्यांची ही कथा आपल्या स्मरणिकेत असावी असे वाटले, कारण ती मिठाची कथा आहे आणि शाळेचीही आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून नोकरी धरली आणि तुटपुंज्या पगारातून धाकट्याच्या शिक्षणाला पैसे पाठविले. धाकट्या दिराला कॉलेजात धाडण्यासाठी वहिनींनी अंगावरचे दागिने दिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पैशाची किंमत हा मुलगा अशा घरात शिकला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते प्राध्यापक झाले. शाळांसाठी त्यांनी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली सरकारी अहवाल वाचण्याची त्यांना सवय लागली, आणि गणेश व्यंकटेश जोशी या आकडेशास्त्रात मुरलेल्या शिक्षकांचे साहाय्य त्यांना लाभले.

त्या काळचे वरिष्ठ कायदेमंडळ म्हणजे आजची लोकसभा नव्हे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे. म्हणजे कितीही बिनतोड बोलले, तरी एक पैसुद्धा इकडची तिकडे व्हावयाची नाही. अशा ठिकाणी माणसाने काय करावे? गोखल्यांनी सरकारच्याच वह्या उघडल्या आणि सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले.

त्या वर्षी सरकारी तिजोरीत सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांना ती भरभराटीची खूण वाटली. गोखल्यांनी विचारले, ही शिल्लक आली कोठून? त्याचा उलगडा असा. पेन्शने, कर्जाचे व्याज इत्यादींसाठी सरकारला विलायतेत दरसाल मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. रुपयाचा भाव उतरला की तेवढ्याच पौंडांना जास्त रुपये पडत. ही तूट भरून काढावी म्हणून कर वाढविण्यात आले. १८८८ साली मिठावरचा कर मणाला २ रुपयांचा २ रुपये ८ आणे झाला. पुढे रुपया तेरा पेन्सांपर्यंत घसरून पुन्हा सोळा पेन्सांवर स्थिर झाला. तूट गेली, कर मात्र राहिले. शिल्लक होती ती त्या करांची. आणि हे केव्हा? १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भयंकर दुष्काळांत लोक आणि गुरे मेली, त्याच्या पाठोपाठ. असली शिल्लक हा रयतेवर दुहेरी अन्याय आहे, असे गोखले म्हणाले. एक तर हलाखीच्या काळात गरजेपेक्षा अधिक पैसा घेतला जातो; दुसरे असे की, तोच पैसा दाखवून देश सुखी असल्याचा भास निर्माण केला जातो.

मिठाचा हिशेब आपण गृहिणींनी करून पाहण्यासारखा आहे. २ रुपये ८ आणे म्हणजे ४० आणे, आणि मण म्हणजे ४० शेर. शेरभर मिठामागे बरोबर एक आणा कर! श्रीमंताला तो जाणवत नसे. पण ज्या घरी भाकरीबरोबर मीठ-मिरची एवढेच कोरड्यास, त्या घरी पदार्थ कमी करता येतो, मीठ कमी करता येत नाही. कर जड झाल्याने गरिबांच्या पोटात जरूर तेवढेही मीठ जात नाही, हे गोखल्यांनी खपाच्या आकड्यांवरून दाखविले. दरसाल ते हाच मुद्दा घेऊन उभे राहिले. १९०३ साली हा कर २ रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली १ रुपयावर. शेरामागे एक आण्याचे पाच पैंपेक्षाही कमी झाले. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे बरोबर होणार नाही. पण त्यांच्याइतक्या नेटाने ही मागणी कोणी लावून धरली नव्हती. कर उतरला तसा मिठाचा खपही वाढला.

कोणी म्हणेल, आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. कलकत्त्याच्या सभेशी हिंगोलीचा संबंध काय? संबंध होता. मिठावरचा कर मिठागरावरच वसूल होई. किनाऱ्यावरचे मीठ इकडच्या बाजारात येई ते किमतीत कर घेऊनच. दुसरा संबंध लष्कराचा. आपली हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. ही फौज निजामाच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमाने चाले. तिच्या थकलेल्या खर्चापायी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०२ साली वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांवर कायम पट्ट्याने दिले गेले, आणि पुढच्या वर्षी ती फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. फौज किती असावी, तिला किती खर्च व्हावा, हे आपल्या पणज्या-पणजोबांना कोणी विचारले नाही. लष्करावर कोट्यवधी आणि शिक्षणावर चिमूटभर, हे गोखल्यांचे दुसरे गाऱ्हाणे होते. आपली माणसे ज्या सभेत नव्हती, तेथे आपले दुःख कोणीतरी आकड्यांनिशी मांडीत होते, एवढे खरे.

शिल्लक पडते तर ती शाळांकडे वळवा, हा त्यांचा आग्रह. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याचा अधिकार नगरपालिका व लोकल बोर्डांना असावा. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या आईबापांकडून फी घेऊ नये, अशी त्याची योजना होती.

येथे आपल्याला खटकणारी गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही सक्ती प्रथम मुलग्यांपुरती होती. मुलींना ती पुढे, सवडीने लागू व्हावयाची होती. लोकविरोध वाढू नये म्हणून गोखल्यांनी हे पाऊल आखूड टाकले. उलट बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ पासून अमरेली भागात आणि १९०६ पासून राज्यभर सक्तीचे शिक्षण सुरू केले, ते मुलींसह. बडोद्याचा दाखला गोखले स्वतः देत. पण त्यातील मुलींचा भाग त्यांनी मागे ठेवला. वहिनींच्या दागिन्यांवर शिकलेल्या माणसाच्या विधेयकात वहिनींच्या लेकीला थांबावे लागले, याची हळहळ वाटते.

एवढे मवाळ विधेयकही टिकले नाही. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. ते नापास होणार हे गोखल्यांना ठाऊक होते. आमच्या पिढीने आपल्या अपयशानेच देशाची सेवा करावयाची आहे, यशाने सेवा करणारे मागाहून येतील, अशा अर्थाचे ते बोलले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, एकोणपन्नासावे वर्ष पुरे होण्याआधीच, ते पुण्यास निवर्तले.

मागाहून येणारे आले, पण फार उशिरा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. विधेयक पडल्याला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती.

गोखल्यांना मत नव्हते, फक्त बोलण्याची मुभा होती. आपल्याला मत आहे, आणि महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेत जमाखर्चाचा कागद पुढे येतो तेव्हा तो आपण वाचतो का? शाळेच्या दुरुस्तीला किती, नळाला किती, आणि उरले ते कोठे गेले, एवढे विचारण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. घरात मीठ किती लागते, हे ज्या बाईला कळते तिला हाही हिशेब कळतो. मागच्या रांगेतून उठलेल्या आपल्या त्या भगिनीला तो कळला होता. तिच्या प्रश्नाला खजिनदारबाईंनी त्याच सभेत वही उघडून उत्तर दिले, आणि पुढील वर्षी वर्गणी पूर्ववत झाली.