रिफ्रेशची कुळकथा

सुरतहून अहमदाबादकडे जाणारी लोकल तापी ओलांडते, उत्राण मागे पडतं आणि कोसाड येतं. कोसाड-अमरोलीच्या या पट्ट्यात साड्यांवर भरतकाम करणारी एम्ब्रॉयडरी मशीनं चालतात. मशीन म्हटलं की डिझाइन 'पंच' करणारा, म्हणजे ते टाक्यांच्या फाइलीत उतरवणारा माणूस आला आणि त्याचा कॉम्प्युटरही आला. धुळे-नंदुरबारकडून सुरतेत स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुलंही या धंद्यात आहेत. पंचिंगवाला खानदेशी असो की काठियावाडी, कॉम्प्युटर सुरू झाल्यावर त्याचा पहिला उद्योग एकच: डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक, रिफ्रेश. मग पुन्हा रिफ्रेश. चिन्हं एकदा लुकलुकली की गडी कामाला लागतो. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं, 'त्याने पीसी फास्ट होतो.'

होत नाही. कॉम्प्युटर जलद करण्याचे जेवढे घरगुती उपाय आपल्याकडे चालतात, त्यांत हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत निकामी. डेस्कटॉप हाही शेवटी एक फोल्डरच. रिफ्रेश म्हणजे त्या फोल्डरची यादी पुन्हा वाचायची आणि चिन्हं पुन्हा रंगवायची, बस्स. रॅम मोकळी होत नाही, प्रोसेसरचा भार उतरत नाही. उलट तेवढं एक काम वाढतं. पण इतक्या जणांच्या बोटांत एखादी सवय उगाच बसत नाही. तिला मूळ असतं, आणि या सवयीचं मूळ फ्लॉपीत आहे.

१९९० साली आलेल्या विंडोज ३.० मध्ये 'फाइल मॅनेजर' नावाचा प्रोग्राम होता. त्यात रिफ्रेशची आज्ञा होती आणि तिची कळ होती एफ५. ती ठेवण्याला सबळ कारण होतं. पीसीच्या ड्राइव्हमधली फ्लॉपी माणूस बटण दाबून हवी तेव्हा काढायचा, दुसरी घालायचा, आणि विंडोजला त्याचा पत्ताच नसायचा. फ्लॉपी बदलली का हे पाहायचं तर ड्राइव्हला हात लावावा लागे. दर काही सेकंदांनी तो उद्योग केला असता तर ड्राइव्ह दिवसभर कुरकुरत बसला असता. त्यामुळे खिडकीत आधीच्या फ्लॉपीची यादी तशीच राहायची. एफ५ दाबलं की ड्राइव्ह घरघरायचा आणि नवी यादी दिसायची. तेव्हाचं रिफ्रेश हे असं खरंखुरं काम होतं.

हीच गोष्ट मॅकिन्टॉशवर का घडली नाही, हे पाहण्यासारखं आहे. १९८४च्या पहिल्या मॅकपासून फ्लॉपी बाहेर काढायचं काम कॉम्प्युटर स्वतः करायचा. ड्राइव्हला बटणच नव्हतं. फ्लॉपी आत आली हे त्याला कळायचं आणि बाहेर तर तोच ढकलायचा, म्हणून मॅकच्या फाइंडरला रिफ्रेशची आज्ञा द्यावीच लागली नाही. मॅक वापरणाऱ्याला ही सवय नसते ती एवढ्यासाठी. त्याच्या शहाणपणाचा इथे काही संबंध नाही.

सुरतेत फ्लॉपीचं आयुष्य जरा जास्तच लांबलं. एम्ब्रॉयडरी मशीन हा मोठ्या किमतीचा माल. घेतलं की वर्षानुवर्षं चालवायचं. जुन्या मशीनला डिझाइन द्यायची वाट म्हणजे १.४४ एमबीची साडेतीन इंची फ्लॉपी. टाक्यांच्या फाइली मुळात लहान, त्यामुळे जागाही पुरायची. जगभर फ्लॉपी अडगळीत गेली तरी या धंद्याने तिला सोडलं नाही. एका कॉम्प्युटरवर चार मशीनांच्या फ्लॉप्या भरणाऱ्याला एफ५ ही रोजच्या हत्यारासारखी कळ होती.

पण फ्लॉपीच्या खिडकीतलं रिफ्रेश डेस्कटॉपवर कसं आलं? त्याला इंटरनेट कारणीभूत. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर 'अ‍ॅक्टिव्ह डेस्कटॉप' आणला: डेस्कटॉपच एक वेबपान, त्यावर बातम्या आणि भावफलक हलताहेत. वेबपान म्हटलं की ते ताजं करायची सोय हवी. २५ जून १९९८ला बाजारात आलेल्या विंडोज ९८ मध्ये राइट क्लिकच्या मेनूत रिफ्रेश दिसू लागलं. त्या विंडोजला किमान १६ एमबी रॅम लागे, आणि तेवढ्यावर हा अ‍ॅक्टिव्ह डेस्कटॉप असा काही रेंगाळायचा की मशीन जलद करायची पहिली पायरी म्हणजे तो बंद करणं. तो बंद झाला. मेनूतलं रिफ्रेश मागे राहिलं.

त्याच काळात त्याला आणखी एक काम मिळालं. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये खिडक्या, मेनू, चित्रं यांच्या काही नोंदी १६-बिटी जमान्यातल्या ६४ केबीच्या कप्प्यांत राहत. बरेच प्रोग्राम उघडले की रॅम शिल्लक असूनही हे कप्पे भरायचे. चिन्हं गायब व्हायची, काळे ठिपके पडायचे. रिफ्रेश मारलं की कधीकधी पडदा सावरायचा. 'रिफ्रेशने मशीन सुधारतं' ही समजूत बहुधा इथेच पक्की झाली असावी, आणि पाहणाऱ्याला दोष देता येत नाही. सुधारलेलं त्याला डोळ्यांनी दिसत होतं.

२००१च्या विंडोज एक्सपीने हे कप्प्यांचं दुखणं संपवलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात एमकेसीएल ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाच्या वर्गांतून गावोगावची माणसं माउस धरायला शिकली. राइट क्लिक-रिफ्रेश कुठल्या अभ्यासक्रमाने शिकवायची गरज नव्हती. शेजारच्या खुर्चीवरून ते आपोआप शिकलं जायचं.

एक्सपीच्या काळात रिफ्रेशला नवा अर्थ आला, आणि मला तो खोटा वाटत नाही. १२८ एमबी रॅमवर अँटिव्हायरस, पंचिंगचं सॉफ्टवेअर आणि आणखी चार गोष्टी एकदम सुरू झाल्या की विंडोज रॅममधला ऐवज हार्डडिस्कवर हलवत बसतं. अशा वेळी रिफ्रेश मारलं तर चिन्हं उशिरा, एकेक करून उमटतात. पटकन लुकलुकली तर समजावं, मशीन मोकळं झालं. म्हणजे वैद्याने नाडी पाहावी तसा हा प्रकार. लोकांनी नाडीपरीक्षेलाच औषध मानलं, एवढीच चूक. शिवाय पाच-सहा रिफ्रेश मारण्यात जी काही सेकंदं जातात, तेवढ्यात मागचे प्रोग्राम उघडून होतात आणि मशीन खरोखरच हलकं होतं. श्रेय मात्र रिफ्रेशला.

त्याच्या जोडीचे बाकीचे उपाय सरसकट भोंदू नाहीत. 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडून सावल्या आणि सरकते मेनू घालवले की जुन्या मशीनला फरक पडतो. एक्सपीचा निळा थाट जाऊन करडी पट्टी यायची, पण पंचिंगवाल्याला थाट कुठे हवा असतो? 'एमएसकॉन्फिग'मधून सुरुवातीचे प्रोग्राम कमी करणं हाही तेव्हा उत्तम उपाय होता. 'प्रीफेच' फोल्डर रिकामा करणं हे मात्र शुद्ध नुकसान. कोणता प्रोग्राम उघडताना डिस्कवरचं काय काय लागतं याची टिपणं विंडोजने तिथे ठेवलेली असतात. ती पुसली की पुढच्या खेपेला प्रोग्राम उलट सावकाश उघडतो.

आता जुन्या मशीनांत फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्हची खोबण असलेला डबा बसवता येतो. एका पेन ड्राइव्हवर ०० ते ९९ अशा शंभर फ्लॉप्या, बटणाने नंबर बदलायचा. पेन ड्राइव्ह लावल्याचं विंडोजला लगेच कळतं. तिथे एफ५चं काम उरलं नाही. ते उरलंय नेटवर्कच्या सामाईक फोल्डरात. एका कॉम्प्युटरवर केलेलं डिझाइन दुसऱ्यावरून मशीनला पाठवायचं असतं, आणि नवी फाइल आल्याची वर्दी नेटवर्कवरून दरवेळी पोचतेच असं नाही. तिथे एफ५ दाबावं, फाइल दिसते.