डोळ्याचा फोकस आणि चित्राचा फोकस

छायाचित्रणाच्या इतिहासांत भिंगांची स्तुति पुष्कळ झाली आहे; हातानें फोकस साधणाऱ्या डोळ्याची हकीगत मात्र उपेक्षित राहिली. वास्तविक या कलेची मूळची अडचण तींतच आहे. डोळा जेथें पाहून फोकस ठरवितो ती काच निराळी, आणि चित्र जेथें उठतें तो पृष्ठभाग निराळा.

आरंभींच्या लाकडी कॅमेऱ्यांत मागें दुधी काच असे. डोक्यावर काळें कापड घेऊन तींत प्रतिमा रेखीव करावयाची, मग काच काढून त्याच जागीं रासायनिक पत्रा बसवावयाचा. येथें फसगतीला वाव नाहीं असें वाटेल, पण होता. डोळ्याला पिवळा प्रकाश अधिक जाणवतो, तर त्या पत्र्यावर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचाच परिणाम होई. आणि साध्या भिंगांतून हे दोन प्रकाश एकाच ठिकाणीं एकवटत नाहींत. लंडनमधील क्लोदे यानें हा भेद ओळखून निरनिराळ्या अंतरांवर क्रमांकित पाकळ्या असलेलें एक साधन केलें. चित्रांत कोणती पाकळी स्पष्ट उमटली यावरून भिंगाची खोड कळे!

१९३६ सालीं ड्रेस्डेन येथें किने एक्झाक्टा निघाला. त्यांतील तिरपा आरसा प्रकाश वरच्या काचेवर फेंकी. अर्थात् आरशामार्गें काचेचें अंतर फिल्मच्या अंतराशीं तंतोतंत जुळलें पाहिजे, ही नवी अट आली. पुढें काचेच्या मध्यभागीं दुभंग प्रतिमा दाखविणारे लोलक बसले. मोडलेला दिसणारा खांब सांधेपर्यंत भिंगाचें कडें फिरवावयाचें. अस्पष्टता मोजण्यापेक्षां रेघ जुळली कीं नाहीं हें डोळा फार अचूक सांगतो. आमच्या मतें हातानें फोकस साधणाऱ्याला याहून सुंदर साह्य मिळालें नाहीं.

१९८५ च्या मिनोल्टा ७००० नंतर स्वयंचलित फोकसाचें युग आलें, आणि हे लोलक बहुतेक यंत्रांतून गेले. काचा उजळ झाल्या. पण मोठ्या छिद्राच्या भिंगाची खरी अस्पष्टता त्यांत दिसेनाशी झाली. डोळ्याला सारें ठीक दिसावें आणि चित्रांत नाकाचा शेंडा स्पष्ट, डोळे धूसर! फोकस जुळल्याची खूण देणारा ठिपकाही तिसऱ्याच ठिकाणच्या संवेदकाची साक्ष काढतो.

डिजिटल यंत्रांत, २००६ च्या ओलिंपस ई-३३० सारख्या कॅमेऱ्यांपासून, आरसा उचलून संवेदकावरचीच प्रतिमा मागच्या पडद्यावर दहापट मोठी करून पाहतां येऊं लागली. कॅमेरा तिवईवर ठेवावा, छिद्र पूर्ण उघडावें, कडें स्पष्टतेच्या किंचित् पुढें नेऊन परत आणावें. स्थिर वस्तूपुरती दोन पृष्ठभागांची जुनी फारकत येथें मिटते. मात्र भर उन्हांत तो पडदा दिसण्यासाठीं कित्येकांना पुन्हां डोक्यावर काळें कापड घ्यावें लागतें.