जुनी दारू भारी असते म्हणतात, मग घरात ठेवलेली बिअर खराब का होते?

२०१० साली फिनलंडजवळच्या ओलांड बेटांपाशी पाणबुड्यांना समुद्राच्या तळाशी एक बुडालेलं जहाज सापडलं. जहाज होतं १८४० च्या दशकाच्या आसपासचं. त्यात शॅम्पेनच्या बाटल्या होत्या आणि बिअरच्याही. तळाला मिट्ट काळोख आणि फ्रिजसारखी थंडी, म्हणजे कुठल्याही तळघराला लाजवेल अशी साठवण.

शॅम्पेनचं नशीब फळफळलं. २०११ च्या लिलावात त्यातल्या एका बाटलीला ३० हजार युरो मिळाले. बिअरच्या दोन बाटल्या मात्र प्रयोगशाळेत गेल्या. तिथे नोंदवलेल्या वासांमध्ये जळका रबर, जास्त पिकलेलं चीज आणि चक्क बकरी यांचा समावेश होता. बुचातून समुद्राचं पाणी आत झिरपलं होतं हे खरं, पण बॅक्टेरियांनी बिअर आंबवूनही टाकली होती.

"दारू जितकी जुनी तितकी चांगली" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. व्हिस्कीच्या बाबतीत ते अर्धवट खरं आहे, कारण व्हिस्की लाकडी पिंपात मुरते. एकदा बाटलीत भरली की तिचं वय थांबतं. बिअरचं गणित वेगळं आहे. लोणचं मुरतं आणि ताक आंबतं, हा फरक मराठी घरात वेगळा समजवावा लागत नाही. दुकानात मिळणारी जवळपास सगळी बिअर ही ताकाच्या जातीची आहे.

बिअरचे तीन शत्रू

पहिला शत्रू उजेड. बिअरला कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. हॉप्समधली कडू द्रव्यं आणि बिअरमधलंच रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, यांच्यावर ऊन पडलं की गंधक असलेलं एक संयुग तयार होतं. उत्तर अमेरिकेत स्कंक नावाचा प्राणी शत्रूवर जी घाण वासाची पिचकारी मारतो, तिच्यातल्या रसायनाचं हे सख्खं भावंडं. माणसाच्या नाकाला त्याचा अगदी कणभर अंशही कळतो. भर उन्हात काही मिनिटं ठेवलेल्या बिअरलाही हा वास लागू शकतो.

बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या याच कारणाने. तपकिरी काच घातक किरण बऱ्यापैकी अडवते, हिरवी काच फारच कमी आणि पारदर्शक काच जवळजवळ नाहीच. पारदर्शक बाटली विकणाऱ्या काही कंपन्या म्हणूनच हॉप्सचा वेगळ्या प्रक्रियेने बनवलेला अर्क वापरतात. कॅनला हा त्रासच नाही. कॅनमधली बिअर हलक्या दर्जाची हा समज आता सोडून द्यायला हरकत नाही.

दुसरा शत्रू ऑक्सिजन. बाटली भरताना झाकणाखाली थोडीशी हवा राहतेच, आणि पुढे झाकणातूनही ती अगदी हळूहळू आत शिरते. तिच्यामुळे आधी हॉप्सचा ताजा सुगंध जातो आणि मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येऊ लागते. जुन्या स्टॉकमधली बिअर पिऊन "आज काहीतरी गडबड आहे" असं ज्यांना वाटलेलं असतं, त्यांनी बहुतेक वेळा हाच पुठ्ठा चाखलेला असतो.

तिसरा शत्रू उष्णता, आणि आपल्याकडे सगळ्यात मोठा तोच. बिअर उद्योगात ३-३०-३०० असा एक ढोबळ हिशोब सांगतात. साधारण ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत बिअरचं जेवढं नुकसान होतं, तेवढंच २२ अंशांना ३० दिवसांत आणि फ्रिजमध्ये ३ अंशांना ३०० दिवसांत होतं. आता हा हिशोब मे महिन्यातल्या नागपूर, अकोल्याला किंवा जळगावला लावून बघा. बाटलीवर साधारण सहा महिन्यांची मुदत छापलेली असली, तरी स्लॅबखालच्या तापलेल्या माळ्यावर ती बिअर आठवड्याभरातच म्हातारी झालेली असू शकते.

मग घरात ठेवायची कुठे?

सरळ उत्तर म्हणजे फ्रिजमध्ये, आणि तेही दारात न ठेवता आतल्या बाजूला. दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, त्यामुळे तिथलं तापमान सतत वरखाली होतं. फ्रिजमध्ये जागा नसेल तर घरातली सगळ्यात थंड आणि अंधारी जागा शोधावी. पश्चिमेच्या भिंतीचं कपाट, गॅसजवळचा कप्पा, बाल्कनी आणि माळा या जागा बाद. दिवाणातला खालचा कप्पा त्यातल्या त्यात बरा.

बाटली उभी ठेवावी. वाइनची बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. बिअरला पत्र्याचं झाकण असतं, तिथे तो प्रश्न येत नाही. उभ्या बाटलीत गाळ तळाशी बसतो आणि हवेला भिडणारा बिअरचा पृष्ठभागही कमी राहतो.

एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो म्हणजे थंड केलेली बिअर बाहेर काढून पुन्हा थंड केली की खराब होते. तसं काही नाही. नुकसान होतं ते ती बाहेर किती तापली आणि किती वेळ तापली याने. दुकानातून आणलेली थंड बिअर घरी येईपर्यंत कोमट झाली, तर बिनधास्त परत फ्रिजमध्ये ठेवावी. फ्रीजरमध्ये मात्र विसरू नये. बिअर शून्याच्या खाली दोन-तीन अंशांना गोठायला लागते, पाणी गोठताना फुगतं आणि बाटली फुटते. त्यानंतर काचा वेचत बसावं लागतं.

मुरणारी बिअर असते का?

असते, पण मोजकीच. इंग्लंडमध्ये १९६८ साली डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप ब्रुअरीने कादंबरीकार थॉमस हार्डी यांच्या ४० व्या स्मृतिवर्षानिमित्त 'थॉमस हार्डीज एल' काढली. ही बाटलीत २५ वर्षं टिकेल असा तिचा दावा होता. ही बार्लीवाइन प्रकारातली, म्हणजे भरपूर माल्टची आणि वाइनइतकी कडक बिअर. इम्पीरियल स्टाउट आणि बेल्जियममधल्या मठांच्या कडक बिअर याच पंगतीतल्या. वर्षं जातात तसा त्यांचा कडवटपणा उतरतो आणि खजूर, मनुका, शेरी अशा चवी पुढे येतात. इथेही ऑक्सिजनच काम करत असतो, फक्त या जाड अंगाच्या बिअरला तो मानवतो.

दुसरा प्रकार आंबट बिअरचा. ब्रसेल्स परिसरातली ग्यूझ ही एक, दोन आणि तीन वर्षं पिंपात ठेवलेल्या बिअरचं मिश्रण असते. बाटलीत जिवंत यीस्ट असल्यामुळे ती आतल्या आत बदलत राहते. काही ग्यूझच्या बाटल्यांवर वीस वर्षांची मुदत असते.

इथे आपल्याकडचे लोक हमखास फसतात. "आपली स्ट्राँग ८ टक्क्यांची आहे, म्हणजे टिकेल" हा तर्क चुकीचा आहे. भारतातली नेहमीची स्ट्राँग बिअर गाळलेली आणि पाश्चराइज केलेली हलक्या अंगाची लागर असते. तिच्यात मुरण्यासारखं काही नसतंच, ती फक्त शिळी होते.

आयपीएची गंमत तर आणखी वेगळी. 'इंडिया पेल एल' या नावातला इंडिया म्हणजे आपलाच. एकोणिसाव्या शतकात ही बिअर जहाजाने मुंबई-कलकत्त्याला यायची, प्रवासाला चार ते सहा महिने लागायचे आणि पिंपातली बिअर वाटेतच मुरायची. आजची आयपीए मात्र हॉप्सच्या ताज्या वासासाठी पितात. कॅलिफोर्नियातली स्टोन ब्रुइंग तर एका आयपीएच्या नावातच 'अमुक तारखेपर्यंत प्या' असं छापते. नावावर जाऊन आयपीए जपून ठेवणारा माणूस तिचा सगळ्यात चांगला काळ कपाटात घालवतो.

परदेशातून कुणी बार्लीवाइन किंवा स्टाउट आणली असेल आणि ती मुरवायचीच असेल, तर एकाच्या जागी एकसारख्या तीन-चार बाटल्या लागतात. त्यांच्यावर तारीख लिहून १२-१३ अंशांना अंधारात ठेवायच्या आणि दरवर्षी एक उघडायची. आपल्या हवेत वाइनचा छोटा फ्रिज नसेल तर हे जमणं अवघड. शिवाय महाराष्ट्रात दारू बाळगायला परवाना लागतो आणि साठ्यालाही मर्यादा आहे, हे संग्रह वाढवण्याआधी बघून घ्यावं.

मुदत संपलेली बिअर विषारी असते का?

सीलबंद असेल तर सहसा नाही. अल्कोहोल, हॉप्स आणि आम्लता यांच्यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू बिअरमध्ये वाढत नाहीत. मुदत चवीची असते. झाकण फुगलेलं किंवा गळकं असेल, किंवा उघडताच फेसाचा फवारा उडून आंबूस वास आला, तर ती ओतून द्यावी. बागेत पावसाळ्यात गोगलगायी झाल्या असतील तर उथळ वाटीत घालून ती जमिनीलगत ठेवावी. यीस्टच्या वासाने त्या वाटीकडे येतात आणि आत पडतात.