शिकाऊ उमेदवारीचे व्यवस्थापन

व्यवसाय शिक्षण घेणाऱ्याला ठरावीक मुदतीसाठी कारखान्यात वा कार्यशाळेत प्रत्यक्ष कामावर ठेवून शिकवण्याची व्यवस्था. भारतात तिचा कायदेशीर पाया शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ हा असून तो १ मार्च १९६२ पासून अमलात आला. प्रारंभी त्यात फिटर, टर्नर यांसारखे व्यवसाय होते. १९७३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आणि १९८६ मध्ये उच्च माध्यमिक व्यवसाय अभ्यासक्रमाचे विद्यार्थी त्याच्या कक्षेत आले. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे.

या व्यवस्थेचे यश किती जागा भरल्या यावरून मोजण्याची रीत पडली आहे. ती अपुरी आहे, आणि तसे म्हणायला आधार खुद्द कायद्यातच सापडतो. कलम १८ प्रमाणे उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. म्हणूनच त्याला वेतनाऐवजी विद्यावेतन मिळते आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घेण्याचे बंधनही मालकावर सहसा नसते. या सवलतीच्या बदल्यात मालकाने अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवायचे, त्यासाठी पात्र व्यक्ती नेमायची आणि प्रगतीची नोंद ठेवायची, असा हा सौदा आहे. शिकवणेच गळाले तर उरते ती फक्त स्वस्तातली मजुरी. आयटीआयमधून टर्नर झालेल्या मुलाचेच पाहा. त्याला टूलला धार लावता यावी, आटे पाडता यावेत, ड्रॉइंग वाचून जॉब करता यावा, ही अपेक्षा. कारखान्यात मात्र त्याला सीएनसी मशीनपुढे उभे केले जाते. चकमध्ये तुकडा बसवायचा, बटण दाबायचे, निघालेला जॉब गेजने तपासून ट्रेमध्ये ठेवायचा. हेच महिनोन्‌महिने चालले तर करारनामा नोंदलेला असतो, हजेरी पूर्ण असते, विद्यावेतनही वेळेवर जमा होते. कागदावर काहीच चुकलेले नसते. चुकते काय, हे संस्थेचा निदेशक त्या मशीनपाशी जाऊन उभा राहील तेव्हाच दिसते.

यावर असे म्हटले जाते की, कामच माणसाला शिकवते. पाळी सांभाळणे, सुरक्षिततेचे नियम अंगवळणी पडणे, हाताला वेग येणे हे कारखान्यातच साधते, यात शंका नाही. पण एकाच कामातून त्या कामापुरतीच सफाई येते, व्यवसाय येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अटी वाढवल्या तर कंपन्या उमेदवारच घेणार नाहीत. जर्मनीने याच भीतीपोटी, कारखान्यातील प्रशिक्षकाने अध्यापन-पात्रता सिद्ध करण्याची अट २००३ मध्ये स्थगित केली होती, जागा वाढाव्यात म्हणून. २००९ मध्ये तिने ती पुन्हा लागू केली. उमेदवारीची मोठी परंपरा असलेल्या देशालाही प्रशिक्षकाच्या पात्रतेवर पाणी सोडणे परवडले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लहान कारखान्यांची अडचण मात्र खरी आहे. एका शेडमध्ये सगळी यंत्रे नसतात. त्यासाठी अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवारांना आपापल्या आस्थापनांत आळीपाळीने पाठवण्याची मुभा कायद्यातच आहे. औद्योगिक वसाहतीत शेजारी-शेजारी असलेल्या कारखान्यांना ते अवघड नाही. पण मुलांची ने-आण ठरवणारा, प्रत्येकाने कोणते काम केले याचा ताळा ठेवणारा माणूस हवा.

हा माणूस संस्थेचा असावा, आणि कारखान्याच्या भेटी त्याच्या कार्यभारातच धरल्या जाव्यात. वर्गावरचे तास सांभाळून उरल्या वेळात करायचे हे काम नव्हे. उमेदवाराच्या दैनंदिनीवर सुपरवायझरची सही असते, पण ती अभ्यासक्रमाशी पडताळून पाहणे सुपरवायझरकडून होणार नाही. त्याच्या डोक्यावर उत्पादनाचे उद्दिष्ट असते. अखेरच्या अखिल भारतीय व्यवसाय चाचणीवर विसंबणेही उपयोगाचे नाही. तिथे उणीव उघड होते तेव्हा मुदत संपलेली असते. पहिली तपासणी पहिल्याच महिन्यात झाली पाहिजे.