कातडीला विचारलेला प्रश्न

शिरपूर जैनच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी आटोपली की गंज्यांपाशी थ्रेशर येऊन उभं राहतं. मागे कुटार ओढणारे गडी तोंडाला दुपट्टा बांधतात, तरी संध्याकाळी कुणाच्या शिंका थांबत नाहीत, कुणाचा दमा उसळतो, कुणाच्या अंगावर पित्त उठतं. ‘धूळ लागली’ एवढ्यावर विषय मिटतो. पण धूळ कशाची? कुटाराची, बुरशीची, की बांधावरच्या गाजरगवताच्या परागांची? याचं उत्तर शोधायला हाताची कातडी मदत करते. त्या टोच-चाचणीची ही कुळकथा.

तिचा मूळपुरुष मँचेस्टरचा डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली. उन्हाळा आला की त्याचं नाक-डोळे वाहू लागत. उष्णतेमुळे असं होतं, असं तेव्हा बरेच जण मानत. ब्लॅकलीने स्वतःचीच कातडी खरवडली आणि तिथे गवताचे पराग लावले. जागा खाजली, सुजली. हे प्रयोग त्याने १८७३ साली पुस्तकरूपाने मांडले.

‘अ‍ॅलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये दिली. १९२१ मध्ये ब्रेस्लाऊच्या कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर यांनी पुढचं पाऊल टाकलं. क्युस्टनरना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. दोष रक्तातून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे त्यातून कळलं. त्या रक्तघटकाची, म्हणजे आयजीईची, ओळख १९६६ मध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने पटवली.

मधला दुवा लंडनच्या थॉमस लुईस यांचा. कातडीवर जोराने रेघ ओढली की आधी तांबडी रेघ, मग भोवती पसरणारी लाली आणि शेवटी फुगलेली गांध, हा क्रम त्यांनी बारकाईने टिपला. हिस्टामिनचा थेंब ठेवून सुईने टोचलं तरी हेच घडतं, असं त्यांनी आणि रोनाल्ड ग्रँट यांनी १९२४ मध्ये दाखवलं. हिस्टामिनमुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपतं आणि कातडी फुगते. हेच रसायन श्वासनलिकांचे स्नायू आवळतं. म्हणून एकाच माणसाला पित्तही उठतं आणि धापही लागते.

आजची चाचणी याच टोचण्यावर उभी आहे. कोपराखालच्या हातावर पेनने खुणा करून निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवतात आणि प्रत्येकातून कातडी अलगद टोचतात, रक्त येणार नाही इतकीच. एक थेंब मिठाच्या पाण्याचा, तिथे काही उठायला नको. एक हिस्टामिनचा, तिथे उठायलाच हवं. पंधरा-वीस मिनिटांनी पट्टीने गांधी मोजतात. मिठाच्या पाण्यापेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांध आली तर त्या पदार्थाविषयी शरीर सावध आहे असं समजतात. सिट्रिझिनसारखी गोळी चालू असेल तर हिस्टामिनचा थेंबही गप्प राहतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस आधी थांबवावी लागते. क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून ही चाचणी उपचाराची सोय असलेल्या ठिकाणीच करावी.

नेमकं कारण सापडलं की काय साधतं, हे बार्सिलोनाने दाखवलं. १९८१ ते १९८७ या काळात तिथे अधूनमधून एकाच दिवशी कितीतरी माणसं दम्याने रुग्णालयात येत. शोध बंदरावर पोहोचला. जहाजातून सोयाबीन उतरताना कोठाराची धूळ शहरावर पसरत होती, आणि अनेक रुग्णांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धची आयजीई सापडली. कोठाराला गाळण्या बसवल्यावर या साथी ओसरल्या.

गाजरगवताचं मात्र दुहेरी आहे. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलेलं हे तण आज बांधोबांधी आहे. त्याच्या परागांचा नाकाला होणारा त्रास टोच-चाचणीत दिसू शकतो. पण निंदताना हातामानेला उठणारं पुरळ वेगळ्या वाटेने येतं. त्यासाठी पाठीवर पट्टी चिकटवून सुमारे दोन दिवसांनी पाहतात.

चाचणीतली गांध एकटी निकाल देत नाही. कुठल्या कामानंतर, कोणत्या महिन्यात, किती वेळाने त्रास झाला, हे मजुराने सांगितलेलं तिच्याशी जुळायला हवं. हे प्रश्न विचारायला सुईही लागत नाही. कष्टकऱ्याच्या धापेला ‘धूळ लागली’ म्हणून वाटेला लावू नये. सोयाबीनच्या मुलखात तरी ही विचारपूस आणि ही चाचणी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत यायलाच हवी.